हवा झ्याक, पण पाण्याचं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

मागच्या लेखात मी माणदेशाची, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याची, कोरडी हवा डोक्यावर घेऊन नाचलो. मनासारखी हवा जगात कुठं असेल तर ती आमच्या दहिवडीच्या बाजूला, असं ठोकून दिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "पुण्यात बसून दुष्काळाचं कौतुक करायला काय जातंय? मी म्हसवडजवळ नांदते. उन्हाळाभर टँकरची वाट बघते. रात्री पंखा लावूनसुद्धा डोळ्याला डोळा लागत नाही. तुमची ती गार रात्र कुठल्या गावात असते ते कळवा, आम्ही पण येतो."

पहिल्या दिवशी लिहिलेलं उत्तर खोडून टाकलं, त्यात नुसताच फणकारा होता. आता निवांत लिहितो.

आधी पुण्याचं. खरं आहे, पोटासाठी गाव सोडलं. हवा खाऊन पोट भरत नाही, एवढं बोलून ते प्रकरण मिटवतो.

गार रात्रीचं मात्र मिटवणार नाही. ती रात्र मी अंगावर घेतलेली आहे. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यावर फांद्या-चिपाडं आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. एप्रिलमध्ये दिवस मावळला की आजी माळवदावर पाण्याचा हबका मारायची, मातीचा वास उठायचा, आणि जेवणं होईपर्यंत वर वाकळा पडलेल्या असायच्या. निजताना अंगावर काही नको वाटायचं. पहाटे तीन-चारला मात्र उशाची घोंगडी ओढून घ्यायला लागायची, आणि ती एकच असली तर भावाशी मारामारी ठरलेली. दुपारी याच गावात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असायचा.

यात जादू काही नाही. हवेत बाष्प कमी आणि आभाळ मोकळं असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडते. मुंबईत समुद्रामुळं दुपार आमच्यापेक्षा सौम्य, पण बाष्पाचं पांघरूण उष्णता धरून ठेवतं, म्हणून रात्र मात्र जीव नकोसा करणारी. माठाला विचारा. आमच्याकडं नवा माठ पाझरायला लागला की दुपारी त्यातलं पाणी दाताला लागतं, तोच माठ दादरला ठेवला तर नुसता घामेजून बसतो. तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वाऱ्याला धरलेलं ओलं फडकं साधारण २३ अंशांपर्यंत गार होतं. ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर ते २८ च्या आसपासच अडकतं. घामाचंही तेच गणित, म्हणून मला मुंबईचे ३३ नकोत, आमचे ४० चालतात. सावली आणि प्यायला पाणी असेल तर, हे मागच्या लेखात लिहायला हवं होतं. ते राहिलं.

आता तुमची झोप. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज असा की तुमचं घर स्लॅबचं आहे. आमचंही २००९ पासून तसंच आहे. माळवद उतरवून आम्ही वर सिमेंटचा तवा ठेवला. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली झोपलेल्यांना शेकतो. बाहेर हवा गार झालेली असते आणि आत पंखा छताजवळची गरम हवा खाली ढकलत असतो. गच्चीवर झोपावं तर आता डास. उरमोडी, टेंभू या सिंचन योजनांचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस आला, आणि उसाबरोबर काय काय आलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण माळवद सगळं चांगलंच होतं असंही नाही. तीन दिवस भिज पाऊस लागला की ते गळायचं. आई घमेली-पातेली लावत घरभर फिरायची आणि वडील उंबऱ्यात बसून त्या टपटपीकडं बघत हसायचे. गळतंय म्हणजे शाळू पेरता येणार. जावळीच्या, महाबळेश्वरच्या बाजूला असलं सपाट छप्पर कुणी केलं असतं का? तिकडं उतरती कौलं. आमच्या पूर्वजांनी घर बांधतानाच गृहीत धरलं होतं की इथं पाऊस येणार नाही.

तो का येत नाही, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या माण तालुक्यात साडेचारशे-पाचशे. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. नैर्ऋत्येचे ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात, आणि घाट उतरून वारा आमच्याकडं येतो तो कोरडा होऊन. आषाढात तो असा सुटतो की डोक्यावर टोपी राहत नाही, आणि वरून ढग नुसतेच पंढरपूरकडं धावतात, वारकऱ्यांसारखे. आमची भिस्त परतीच्या पावसावर, उत्तरा-हस्तावर.

इथंच तुमची प्रतिक्रिया मला खरी लागली. मला आवडणारी कोरडी हवा आणि तुमचा टँकर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पाऊस पलीकडं सांडतो म्हणूनच आमचं आभाळ मोकळं. ‘हवा हीच ठेवा, पाऊस तेवढा दुप्पट करा’ अशी मागणी करता येत नाही. आपल्या भाषेत शब्दच जोडीनं येतो, हवापाणी. मी त्यातली हवा उचलली आणि पाणी तुमच्याकडं ठेवलं. डोक्यावर हंडा माझ्या नाही.

तरीही ही हवा म्हणजे नुसते शहरात गेलेल्यांचे चोचले आहेत, हे मान्य नाही. धनगरांना विचारा. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतात बसवतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत माळावर येतात. तिकडच्या संततधारेत मेंढरांचे खूर सडतात, इथं ती ठणठणीत राहतात. आटपाडी-सांगोल्याचं डाळिंबही याच कोरडेपणावर उभं राहिलं. अवकाळी पाऊस झाला, हवा दमट झाली की तेल्या रोग पसरतो आणि बाग हातची जाते. म्हणजे ही हवा ज्यांना मानवते असे जीव आहेत, पिकं आहेत. ऊस त्यातला नाही, यावर आपलं एकमत व्हावं. (तुमच्या घरी ऊस असेल तर नाही होणार.)

२०१३ च्या दुष्काळात, मार्चमध्ये, माझे चुलते जनावरांच्या चारा छावणीत बैलांपाशी राहत होते. मी भाकरी घेऊन गेलो आणि रात्री तिथंच राहिलो. कडब्याच्या पेंढीवर डोकं टेकून पडलो होतो, वर आभाळ खच्चून चांदण्यांनी भरलेलं, अंगावरून गार वारा. मी म्हणालो, "आबा, काय हवा सुटलीय!" ते म्हणाले, "हवा झ्याकच हाय की. बैलास्नी चारून बघू का?"

तुमची प्रतिक्रिया वाचताना तेच आठवलं. मागच्या लेखाच्या शेवटी तुमचं म्हणणं जसंच्या तसं जोडतोय, तुमची हरकत नसेल तर.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या सासरी एखादी जुनी खोली, माळवदाची, अजून उभी आहे का? असेल तर पाडू देऊ नका. यंदा उन्हाळ्यात चार रात्री तिच्यावर झोपून बघा आणि मला कळवा. डासांसाठी मच्छरदाणी न्यावी लागेल, ते मान्य.