डीपीचा कोर, जाड तार आणि कागद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

'डीपी का जळते?' या, शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलं : "ओव्हरलोड झाला की कोर सॅच्युरेट होतो, हे तुमचं वाक्य साफ चुकीचं आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगाही सांगेल. अन् सूत्रं सांगून कास्तकाराच्या हाती काय येते? आमच्या शिवारातली 63 ची डीपी या हंगामात दोनदा जळली. डिझाइनवाल्यांनी कंजुषी सोडावी, कोर मोठा करावा, तार जाड घालावी, विषय संपला."

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. चूक माझी. ते वाक्य लेखातून काढलं आहे. कोर म्हणजे कॉइलच्या आतला पोलादी पत्र्यांचा गाभा. त्यातला फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, ठरतो व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि कॉइलच्या तारेचे वेढे या तिघांवर. एलटी (मोटारींकडची, कमी व्होल्टेजची) कॉइलमधून करंट वाढला, की त्याच्या चुंबकत्वाला तोडीस तोड म्हणून एचटी (जास्त व्होल्टेजची) कॉइल लाइनमधून तेवढा जादा करंट ओढते आणि कोरमधला फ्लक्स जवळपास होता तिथेच राहतो. उलट डीपी लोडखाली दबली की तो किंचित उतरतोच. सॅच्युरेशनची, म्हणजे कोरमध्ये आणखी फ्लक्स न मावण्याची, भीती असते ती व्होल्टेज चढल्यावर.

पण भाऊ, मग तुमच्याच दुरुस्तीचा धागा पुढे धरा. लोडचा कोरशी संबंध नसेल, तर लोडनं जळणारी डीपी कोर मोठा करून वाचेल कशी?

63 केव्हीएची (केव्हीए म्हणजे डीपीची क्षमता) डीपी कागदावर मांडू. डिझाइनची सुरुवात होते एका वेढ्याला किती व्होल्ट द्यायचे, इथून. केव्हीएचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला अनुभवानं ठरलेल्या एका आकड्यानं गुणायचं. थ्री फेज डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरसाठी तो 0.45 च्या आसपास धरतात. म्हणजे वेढ्याला साधारण 3.57 व्होल्ट. एलटीला फेजमागे 250 व्होल्ट हवेत, म्हणून 70 वेढे. एचटीला डेल्टा जोडणीत 11000 व्होल्ट, म्हणून 3080 वेढे. आता 3.57 ला 4.44 (सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले 50 (लाइनची फ्रिक्वेन्सी) नं भागा : फ्लक्स आला 0.0161 वेबर. चांगल्या सीआरजीओ पत्र्यात (कोरसाठीचं खास पोलाद) 1.6 टेस्ला, म्हणजे फ्लक्सची दाटी, धरले, तर कोरचं निव्वळ क्षेत्रफळ साधारण 100 चौरस सेंटीमीटर. इथवर लोड कुठे आला? केव्हीए फक्त सुरुवातीच्या त्या एका निवडीत होता, बाकी सगळा हिशोब व्होल्टेजचा.

आता वेढे तेवढेच ठेवून कोर सव्वापट करा. टेस्ला उतरतील, कोरमधली वीजगळती थोडी कमी होईल. पण कोरचा घेर जवळपास 12 टक्के वाढला, आणि त्यावर गुंडाळायचा प्रत्येक वेढा लांब झाला. तार लांबली, रेझिस्टन्स वाढला. तीच डीपी, तोच लोड, आणि तापणार जास्त!

बरं, मोठ्या कोरचा फायदा घेऊन वेढे कमी केले तर? तार वाचते, हे खरं. पण वेढे घटले की करंटला अडवणारा लीकेज रिअॅक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. या डीपीचा इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) साडेचार टक्के ठेवतात तो उगाच नाही. अगदी डीपीच्या तोंडाशी शॉर्ट झाला तरी करंट साधारण 22 पटीवर अडतो. आपल्याकडे वावरातल्या एलटी लाइनीच्या तारा झोळ पडून वाऱ्यानं एकमेकींना लागतात, हे तुम्ही रोज पाहता. इम्पीडन्स कमी ठेवला तर प्रत्येक झटक्याला कॉइलवर जास्त जोर येईल, कॉइल ढिली होत जाईल.

तुमच्या दुसऱ्या मागणीच्या, जाड तारेच्या बाजूनं मात्र मी ठाम उभा आहे. मी काही वर्षं डीपी दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये काम केलं. जळकी डीपी उघडली की आधी करपलेल्या तेलाचा वास नाकात बसायचा. कोर बहुतेक वेळा धडधाकट, पत्रे पुसून पुन्हा रचले की झालं. मेलेला असायचा कागद. तारेवरचा इन्सुलेशनचा कागद नवा असताना फिकट आणि चिवट असतो, नखानं ओढला तरी सहज निघत नाही. जळक्या कॉइलवर तो चहाच्या गाळासारखा काळपट, बोटात धरला की भुगा. एचटीची कॉइल प्रत्येक लेगवर (कोरच्या उभ्या खांबावर) तुकड्यांत असते, आणि सगळ्यात वाईट हाल वरच्या तुकड्याचे, कारण गरम तेल वर चढतं. तेल कमी असेल, चोरीला गेलं असेल किंवा टाकीतून झिरपलं असेल, तर तोच तुकडा उघडा पडतो.

साध्या क्राफ्ट कागदाचं आयुष्य सगळ्यात गरम जागा 98 अंशांवर असताना मोजतात. तिथून पुढे दर 6 अंशांना ते निम्मं होतं. आता तुमच्या 63 कडे बघा. पूर्ण लोडला एलटीचा करंट 84 अँपिअर. पाच एचपीची मोटार आठेक अँपिअर ओढते, म्हणजे दहा मोटारींत डीपी भरली. सोळा चालल्या तर करंट दीडपट, आणि तारेतली उष्णता सव्वादोन पट. जानेवारीत संत्र्याच्या अंबिया बहाराचा ताण तोडायचा (बंद केलेलं पाणी पुन्हा सुरू करायचं) असतो, त्याच दिवसांत गहू-हरभऱ्याचं ओलीत असतं, तेव्हा सोळा मोटारी ही काही मोठी गोष्ट नाही. त्यात सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो लावलेलं. लाइन आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येकीचा करंट पाच-सहा पट.

म्हणून माझं म्हणणं असं. गावठाणच्या डीपीवर चोवीस तास लाइन, पण लोड बराच वेळ हलका. तिथे कोरमधली गळती कमीत कमी हवी, कारण ती रात्रंदिवस चालू असते. शेतीच्या वेगळ्या फीडरवर थ्री फेज दिवसातून आठ-दहा तासच, पण तेवढा वेळ डीपी घामाघूम. तिथे पैसा तारेत घालावा. अॅल्युमिनियममध्ये दर चौरस मिलिमीटरला दीड अँपिअर धरण्याऐवजी एक धरला, तर एलटीची तार 56 वरून 84 चौरस मिलिमीटर होते आणि त्याच करंटला उष्णता दोन तृतीयांशावर येते. जाड तार मावायला कोरची खिडकी मोठी लागते, म्हणून पत्रा वाढतो, किंमत वाढते, हे मान्य. पण एका हंगामात दोनदा जळलेल्या डीपीनं वाळलेल्या बागेची किंमत त्या हिशोबात कोण धरतं?

आणि एक जाड तार मात्र कृपा करून काढून टाका : किटकॅटमध्ये फ्यूजच्या जागी घातलेली. फ्यूज वारंवार उडतो म्हणून ती घालतात, आणि मग फ्यूजच्या ऐवजी आतला कागद उडतो. ऑटोला टायमर लावून मोटारी पाळीनं, मिनिटा-मिनिटाच्या फरकानं सुरू करता आल्या, तर तोही भार जाईल.

तुमच्या डीपीवर मोटारी किती, आणि दोन्ही वेळा उघडल्यावर कोणती कॉइल जळलेली निघाली, हे दुरुस्तीवाल्याला विचारून कळवाल का? वरचा तुकडा असेल तर आधी तेल बघू. तिन्ही लेग सारखे करपले असतील, तर मोटारींची यादी घेऊन 100 ची मागणी करायला लागा. अर्जात घालायचा हिशोब मी मांडून देतो.

तुमचा भाऊ