वजाबाकीतली टिंग

माझ्या संगणकात गाणी वाजवणारी तीन सॉफ्टवेअर आहेत आणि तिघांचा दावा एकच: फाइलमध्ये जे आहे ते आम्ही जसंच्या तसं बाहेर काढतो. तरी गेली दोन वर्षं मी छातीठोकपणे सांगत होतो की तिसऱ्याचा बास जास्त भरदार आहे. मग एका रविवारी आंधळी चाचणी केली. कोणतं सॉफ्टवेअर वाजतंय हे लपवून १६ वेळा ओळखायचं. नुसतं ठोकून दिलं तरी सरासरी ८ उत्तरं बरोबर येतात. १२ किंवा जास्त आली तर काहीतरी ऐकू येतंय म्हणायला जागा आहे, कारण तेवढी निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास असते. माझी ७ आली. नाणं उडवलं असतं तर ते माझ्यापुढे गेलं असतं.

इतकं झाल्यावर शहाणा माणूस गपचूप गाणी ऐकतो. मी मोजायला बसलो.

आधी स्पीकरसमोर माइक ठेवला. आलेखात डोंगरदऱ्या आल्या, पण त्या सॉफ्टवेअरच्या नव्हत्या. मी भिंती, कपाटाचं दार आणि पंखा मोजत होतो. माइक वीतभर सरकवला की आलेख ओळखू येईना. मग साउंड कार्डाच्या आउटपुटमधून निघालेली केबल त्याच कार्डाच्या इनपुटात खुपसली. याला लूपबॅक म्हणतात. देणारा आणि घेणारा एकच, त्यामुळे आवाज मोजण्याचा ठेका धरणारं घड्याळही एकच आणि भांडणाला वाव नाही. काहीच न वाजवता मोजलं तर त्या शांततेत ५०, १००, १५० हर्ट्झवर तीन सुळके उभे! लॅपटॉपचा चार्जर काढला, तशी त्यांनी मान टाकली. तेव्हापासून आमचं सगळं संशोधन बॅटरीवर चालतं आणि ती संपायच्या आत आटोपावं लागतं.

आता वजाबाकी. एकाच फाइलची दोन सॉफ्टवेअरमधून निघालेली रेकॉर्डिंग घ्यायची, एकाच्या लहरी उलट्या करायच्या, म्हणजे चढाच्या जागी उतार, आणि ते दुसऱ्यात मिसळायचं. दोन्ही सारखी असतील तर उरते शांतता. माझ्याकडे उरलं ते इतकं कर्कश की मी आनंदाने जवळजवळ उडीच मारली. दोन सॉफ्टवेअरमध्ये एवढा फरक! तर एक रेकॉर्डिंग एका नमुन्याने मागे सरकलेलं होतं. नमुना म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, आणि दोन मोजमापांतलं अंतर सेकंदाचा ४८,००० वा भाग. तेवढ्याने ८,००० हर्ट्झच्या वर वजाबाकी मूळ आवाजापेक्षाच मोठी येते. पाचातून पाच गेले आणि उरले सहा, असला प्रकार. ते जुळवलं तर एकाची पातळी ०.१ डेसिबलने जास्त निघाली. हा फरक कानाला कळत नाही, पण वजाबाकीत उणे ३९ डेसिबलचा गाळ ठेवून जातो. आवाज कमी-जास्त करायचा ढकलपट्टा माझ्याच हाताने सरकला होता.

सगळं काटेकोर जुळवून रात्री स्वीप सोडला. स्वीप म्हणजे खर्जातून २२ हजार हर्ट्झपर्यंत चढत जाणारी तीन मिनिटांची शिट्टी. माझ्यासाठी ती साडेबारा हजाराला संपते. एकदा मी शांततेत समाधानाने पडद्याकडे बघत असताना शेजारच्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, ते बंद कर ना!"

"काय बंद करू? काही वाजत नाहीये."

"वाजतंय! कान दुखतायत!"

स्पीकर बंद करायचा राहिला होता. तो नंतर बंद करेन म्हटलं. बॅटरी २० टक्क्यांवर आली होती.

तिन्ही आलेखांत एकच भूत दिसलं. मुख्य रेघ वर चढत २१ हजारावर पोचली की २३.१ हजारावर तिचं पिल्लू, आणि ते खाली उतरत तिला भेटायला येतंय. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची, आणि कार्ड ४८ वर असलं की मधलं रूपांतर ढिसाळ केल्यावर असंच होतं. तिन्ही सॉफ्टवेअर सारखीच ढिसाळ, असा निकाल मी मनातल्या मनात लिहूनही टाकला. शेवटचा सोपस्कार म्हणून पहिल्यातून तिसरं वजा केलं. भूत दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे ते विरघळून गेलं. उरली किंचित खरखर आणि दोन मिनिटं चौदा सेकंदांवर एक स्वच्छ, सुरेल 'टिंग'.

ही टिंग मी ओळखतो. मेसेज उघडून पाहिला: "बाबा शिट्टी बंद."

केबलमधून फक्त सॉफ्टवेअरचा आवाज यायला हवा होता. मग मेसेज त्यात शिरला कुठून? तिन्ही सॉफ्टवेअर आपला आवाज थेट कार्डाला देतच नव्हती. ती तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरकडे, म्हणजे संगणकातले सगळे आवाज एकत्र करणाऱ्या भागाकडे, सोपवत होती, आणि ४४.१ चे ४८ तोच करत होता. पंधरा दिवस मी तीन वेगवेगळ्या नावांनी एकच मिक्सर मोजत होतो. तिन्हींच्या सेटिंगमध्ये मिक्सरला टाळून थेट कार्डाशी बोलण्याचा 'एक्सक्लुझिव्ह मोड' नावाचा चौकोन होता आणि तिन्हीकडे तो रिकामा.

टिकमार्क केले आणि पुन्हा तीन स्वीप सोडले. भूत गेलं. कोणतंही सॉफ्टवेअर कोणत्याही सॉफ्टवेअरमधून वजा केलं तरी कार्डाची स्वतःची खरखर उरली, बाकी काही नाही. टिंगही नाही.

सकाळी पाहिलं तर मुलीचे आणखी सात मेसेज येऊन पडले होते.