भाकरी हातात धरून फोटो काढणाऱ्यांसाठी

आज सकाळी एका हॉलमध्ये तीन तास बसून आले. कुठला हॉल, कुणाचा कार्यक्रम हे लिहीत नाही, कारण संयोजकांपैकी निम्मे इथेच माझ्या यादीत आहेत आणि उरलेल्यांना हे निम्मे फॉरवर्ड करतील. विषय होता, जिल्ह्यातल्या शेतमालाला प्रोत्साहन. मागे बॅनर. बॅनरवर माणसाच्या उंचीचं ज्वारीचं कणीस, बाजूला पाच जणांचे फोटो. त्या पाचांपैकी एकानेही आयुष्यात ज्वारी उपटलेली नाही, हे मी जोडलेले हात बघून सांगते.

मध्यंतरात खोकी वाटली. उघडलं. एक समोसा, वेफर्सचं पाकीट, टुटीफ्रुटीच्या केकचा तुकडा आणि एक टिशू पेपर.

ज्वारीच्या कार्यक्रमात ज्वारीचा दाणा नाही. भाकरी राहू दे, मूठभर लाह्या? एखादा लाडू? मी शेजारच्या बाईंना म्हटलं तर त्या अगदी समजूत घालत म्हणाल्या, "अहो मॅडम, नाश्त्याचं टेंडर असतं."

टेंडर असतं. दुपारचे चार वाजलेत आणि ते दोन शब्द अजून डोक्यातून जात नाहीयेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातलं. भाऊ शेती करतो, आणि वहिनी गावातल्या बचत गटात कडक भाकरी करते. कडक भाकरी म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर अशी वाळवायची की मोडली की आवाज आला पाहिजे. महिनाभर राहते. शेंगाचटणी आणि दही असलं की जेवण झालं.

तर मागे एका कृषी महोत्सवात (कुठल्या तेही सांगत नाही, डोकं आधीच तापलंय) वहिनीच्या गटाला स्टॉल मिळाला. चारशे भाकऱ्या करून नेल्या. चारशे म्हणजे किती, हे थापल्याशिवाय कळत नाही. काठवटीपुढे बसून पाच बायकांनी दोन रात्री काढल्या. गेल्या तर स्टॉल जनरेटरच्या मागे. पुढच्या रांगेत ट्रॅक्टर कंपन्या, औषधं, ठिबकवाले, एक मसाज खुर्चीवालासुद्धा! आणि ज्यांच्या नावाने महोत्सव, त्या बायका डिझेलच्या धुरात.

उद्घाटनाला मान्यवर आले. फेरी मारता मारता आमच्या स्टॉलवरही आले. त्यांनी एक भाकरी उचलली, कॅमेऱ्याकडे बघून हसले, चार-पाच क्लिक झाले आणि भाकरी परत टोपलीत ठेवली. धरताना कड मोडली होती तिची. पुढे गेले.

परत येताना जीपमध्ये वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वन्सं, हातात धरली न् परत ठिवली की वो. चाखली बी न्हाई."

आज ते केकचं खोकं उघडलं आणि पहिलं हेच आठवलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, प्रसिद्धी तर करतायत ना. करतायत की! प्रसिद्धीची कमतरता कुठे आहे? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (म्हणजे ही खास इथलीच, अशी सरकारी नोंद) मिळालं, तेव्हा पेढे वाटले. २०२३ हे भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष केलं, त्या वर्षी तर विचारू नका. 'श्री अन्न' असं नाव मिळालं, रॅली निघाल्या, रांगोळ्या झाल्या, शाळेतल्या पोरांनी कणसांच्या टोप्या घातल्या. टोप्या घालून पोरं वर्गात आली आणि दुपारी तांदळाची खिचडी जेवली.

मला एवढंच विचारायचंय की हा जिल्हा रोज सरकारी खर्चाने किती ताटं वाढतो? अंगणवाड्या, शाळा, वसतिगृहं, दवाखाने, तुरुंग, प्रशिक्षणं, आढावा बैठका. अकरा तालुक्यांत. या सगळ्या ताटांत जिल्ह्याची ज्वारी किती? तुम्हाला बॅनर लावून शेती वाढवायची आहे. शेती बॅनरने वाढत नाही हो, घेऊन वाढते. कुणीतरी पोतं उचललं पाहिजे, पावती फाडली पाहिजे आणि पुढच्या वर्षी परत आलं पाहिजे. पुढच्या वर्षी परत येणारं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर माझा भाऊ स्वतःहून दोन एकर वाढवेल, त्याला प्रोत्साहन द्यायची गरज नाही.

आणि ही ज्वारी काय मागते? काही नाही. हस्ताचा पाऊस पडला की पेरायची, खोल काळ्या रानात जी ओल मुरली असेल तिच्यावर आणि थंडीतल्या दवावर ती वाढते. पाटपाणी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. दाणा माणसाला, कडबा जनावराला. एखाद्या वर्षी दाण्यापेक्षा कडब्याच्या शेकड्यानेच घर तरतं. मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात इथेच, मोहोळच्या संशोधन केंद्रात, गावरान मालदांडीतून निवडून काढलेलं. तेव्हापासून किती वाणं आली न् गेली, घरी खायला मात्र लोक अजून तेच पेरतात. शाळू म्हटलं की तेच.

हमीभावाच्या यादीतसुद्धा मालदांडीची वेगळी ओळ असते, माहितीय? २०२५-२६ चा भाव संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये क्विंटल. म्हणजे एवढ्या नावाजलेल्या दाण्याची किंमत ५० रुपये जास्त. वर गंमत म्हणजे ज्वारीचा हमीभाव खरिपाच्या यादीत जाहीर होतो. रब्बीच्या यादीत गहू, हरभरा, मसूर, मोहरी, करडई, जव सगळे आहेत. ज्वारी नाही. आमची तर सगळी रब्बीचीच! बरं, बाजारात चांगल्या मालदांडीला कधी याहून जास्त भावही मिळतो, ते मान्य. पण कधी मिळतो आणि कधी नाही, हे पेरताना कुठे कळतं?

उसाचं तसं नसतं. उसाला कारखाना असतो, ठरलेला दर असतो, तोडायला टोळी येते. ज्वारी उपटायला बाया मिळत नाहीत, उक्तं द्यायचं तर अंगावर काटा येतो. भावाने मागच्या तीन वर्षांत दोन एकर उसाखाली नेली. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "ताई, तू भाकरी खाती म्हणून मी ज्वारी पेरू का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. आजही नाही.

मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत. पंधराव्या शतकातली गोष्ट, बिदरच्या बादशहाचे इथले अंमलदार. दुष्काळ पडला आणि यांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन त्या धान्याचे पैसे भरले अशी कथा आहे. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला विठू महार आवडायचा. आता दामाजी आवडतात. हातात अधिकार होता, कोठाराची किल्ली होती, बाहेर माणसं होती. त्यांनी कार्यशाळा नाही घेतली. (आज त्यांच्या नावाने तालुक्यात काय आहे? साखर कारखाना. कारखान्यावर माझा राग नाही, पण हसू येतंच ना.)

आणि हे सगळं अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी जरा इकडेतिकडे बघा. आमच्याकडून तास-दीड तासावर कर्नाटक. तिथलं सरकार हमीभावाने ज्वारी-नाचणी घेतं आणि रेशनवर देतं, उत्तरेकडे ज्वारी, दक्षिणेकडे नाचणी. ज्याचं जे खाणं आहे ते. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्याचं अभियान सुरू केलं, आणि तिथल्या केंदुझरसारख्या खाणींच्या जिल्ह्याने खनिज निधीतून अंगणवाडीतल्या पोरांना नाचणीचे लाडू सुरू केले. नाचणी तिथल्या शेतकऱ्यांची, लाडू वळणाऱ्या तिथल्या बचत गटाच्या बायका. म्हणजे जिल्ह्याचा पैसा जिल्ह्यातच फिरला आणि पोरांच्या पोटातही गेला. त्यांच्याकडेही टेंडर असेलच की!

आपल्याकडे काय झालं? रेशनवर दोन रुपयांनी गहू, तीन रुपयांनी तांदूळ, आणि २०२३ पासून तर फुकट. गरिबाच्या घरात धान्य गेलं, चांगलंच झालं, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. अन्न सुरक्षा कायद्यात एक रुपया किलोने भरडधान्यही होतं, ते मात्र आमच्या दुकानांत कधीमधी दिसलं तर दिसलं. मग भाकरी खाणाऱ्या गावांत चपाती सणाची राहिली नाही, रोजची झाली. आणि भाकरी गेली शहरातल्या हॉटेलात, मेन्यूकार्डावर, लोण्याच्या गोळ्यासकट.

हे लिहिताना जरा थांबले, कारण मुलगा मागून वाचून म्हणाला, "आई, तू काल पोळ्याच केल्या होत्यास."

केल्या होत्या. त्याला भाकरी नको असते. कॉलेजमधून दमून आले की मलाही थापायचा कंटाळा येतो, हे कबूल करते. दोनशे पोरांच्या शाळेत भाकऱ्या कोण थापणार, हा प्रश्नही खरा आहे. बचत गटाला बिल करता येत नाही, माल वेळेवर येईल याची खात्री नाही, ओल लागली की कीड पडते, हेही खरं. मी अधिकारी असते तर मीही कदाचित समोसाच मागवला असता. घ्या, लिहिलं.

पण मग कडक भाकरी कशासाठी आहे? ती तर महिनाभर टिकते! लाह्या आहेत, लाडू आहे, ज्वारीच्या कण्या आहेत. अडचण थापण्याची नाही. अडचण ही की आपल्याच जिल्ह्याचा माल आपण सत्कारात टोपलीत घालून देतो आणि खायची वेळ आली की बाहेरून मागवतो. मानांकन मिळालं तर त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकऱ्याने स्वतः नोंदणी करायची असते. आमच्या वस्तीवर किती जणांना हे माहीत आहे, विचारून बघा. एका अधिकाऱ्याने एका दुपारी पारावर बसून तेवढे अर्ज भरून घेतले तरी मी त्याच्या नावाचा बॅनर स्वखर्चाने लावीन.

आणि हो, महोत्सवात काहीच चांगलं झालं नाही असंही नाही. पुण्याच्या एक बाई शेवटच्या दिवशी चार पाकिटं घेऊन गेल्या, अजून दर दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. जनरेटरच्या मागे त्यांना वास कुठून आला, देव जाणे. बाकी चारशेतल्या तीनशे परत आल्या. पाडव्यापर्यंत आम्ही सगळ्यांनी त्याच खाल्ल्या. पाहुणा आला की भाकरी, बसला की भाकरी, निघाला की बरोबर भाकरी. कड मोडलेली ती एक मात्र वहिनीने बाजूला काढून ठेवली होती. म्हटलं कशाला? म्हणाली, "ही कुणी इकत घेनार न्हाई." रात्री दुधात कुस्करून तीच खाल्ली तिने.

खूप चिडून लिहायला बसले होते. चिड आहेच, पण एवढ्यात वहिनीचाच फोन येऊन गेला. सगळं सांगितलं तिला, समोसा, केक, टुटीफ्रुटी. ती हसत सुटली. म्हणाली, "मग खाल्लासा का न्हाई क्येक?" खाल्ला, म्हटलं. भूक लागली होती.

मग तिने फोन कशासाठी केला ते सांगितलं. येत्या महोत्सवाच्या स्टॉलचा फॉर्म भरलाय तिने. पुतणीने मोबाईलवर भरून दिला. शेरा लिहायला एक चौकोन होता, त्यात 'जनरेटरपासून लांब' असं लिहिलंय. वीजजोडणी हवी का, असंही विचारलं होतं. त्यापुढे 'नको'. या खेपेला पाचशे करायच्या म्हणते, आणि दोन रात्री थापायला मी यायचंय.