मालेरावांना मातोश्रींनी रथाखाली दिलं नव्हतं

पाहुण्यांना आडा बाजारातून नेताना आपल्यापैकी बहुतेक इंदूरकर ही गोष्ट ऐकवतातच. मालेराव होळकरांच्या रथाखाली वासरू मेलं, अहिल्याबाईंनी मुलाला बांधून रस्त्यात टाकलं, स्वतः रथ हाकायला बसल्या आणि गाय आडवी आली. (काही व्हॉट्सॲप आवृत्त्यांत गाय येतच नाही, मालेराव सरळ मरतात.)

आता हीच गोष्ट श्रीलंकेच्या 'महावंसा'त वाचा. राजा एळार, राजपुत्राचा रथ, वासरू, घंटा वाजवून न्याय मागणारी गाय. ग्रंथ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा! तमिळनाडूत ती तिरुवारूरच्या चोळ राजाच्या नावावर आहे. थोडक्यात, न्यायी राजा दिसला की ही कथा त्याला चिकटते.

मालेरावांबद्दल जुनं काय सापडतं? १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कमने अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये छापली. माल्कम इंग्रज अधिकारी, शिवाय बाईंवर बेहद्द खूश, तेव्हा त्याचं सगळंच डोळे मिटून घेऊ नये. पण त्याच्याकडे वासरू नाही. आहे तो दानाच्या भांड्यांत विंचू ठेवणारा विक्षिप्त मुलगा. त्याने संशयावरून जरीकाम करणाऱ्या एका निरपराध कारागिराला मारलं आणि मग त्याच कारागिराच्या भुताने झपाटल्यासारखा तो वेडा झाला. आई उशाशी बसून त्या भुताची विनवणी करत होती, देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, म्हणत होती. आईनेच मुलाला संपवलं ही कुजबुज माल्कमच्याही कानावर आली होती. चौकशी करून त्याने ती खोटी ठरवली.

मला त्याहून पटतो तो राजकारणाचा पुरावा. मालेराव १७६७ मध्ये गेले, गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं. लगेच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड माधवराव पेशव्यांचे काका राघोबादादा यांना हाताशी धरून होळकरांची दौलत गिळायला निघाले. बाईंनी भर बाजारात वारस मारायला काढला असता, तर या दोघांना दुसरं हत्यार लागलंच नसतं. तसा आरोप त्यांनी केल्याचं कुठे दिसत नाही.

"गोष्टच आहे, काय बिघडलं?" असं म्हणतात. बिघडतं असं की बावीसेक वर्षांचा आजारी मुलगा गोहत्यारा ठरतो आणि त्याच्या उशाशी बसलेली आई जल्लाद.

शाळेच्या कार्यक्रमात पुठ्ठ्याचा रथ आणायचाच असेल तर राघोबादादांसाठी आणा. मुलगा गेल्याच्या दुःखात बाईंनी फौजेची तयारी केली, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला आणि होळकरांच्याच सरदार तुकोजींना सेनापती केलं. दादांना हात हलवत परत जावं लागलं.