बंद झालेला बोर्ड आणि हाती उरलेली पीडीएफ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जॅमबोर्ड हा अनेकांनी एकाच वेळी चिठ्ठ्या चिकटवायचा गूगलचा ऑनलाइन फळा बंद झाल्यानंतर महाविद्यालयीन वर्गांत त्याच्या जागी काय वापरावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपण ऐरोलीत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करता आणि अशी साधने येताना-जाताना रोज पाहता, हे आपल्या लिहिण्यावरून कळतेच. आपले तीन आक्षेप आहेत. साधन बंद होणे ही नित्याची बाब असून जुने बोर्ड दुसरीकडे हलवण्याची सोय गूगलने दिलेली होती, त्यामुळे माझा लेख म्हणजे निव्वळ रडगाणे आहे, हा पहिला. महाविद्यालयाने स्वतःच्या सर्व्हरवर इथरपॅड, म्हणजे अनेकांनी एकत्र मजकूर लिहिण्याचे साधन, चालवावे हा सल्ला हौशी आहे, हा दुसरा. आणि मुलांना पुढे नोकरीत मिरो किंवा फिगजॅम असे ऑनलाइन फळेच वापरावे लागणार आहेत, तर तेच का शिकवू नये, हा तिसरा. यातला पहिला मी बराचसा मान्य करते, दुसरा निम्मा, तिसरा मात्र नाही.

जॅमबोर्ड गुंडाळणार असल्याची घोषणा २८ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून बोर्ड नुसते पाहता येऊ लागले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी सेवा संपली. म्हणजे हाती एक वर्ष होते, आणि फिगजॅम, ल्युसिडस्पार्क किंवा मिरो यांच्याकडे मजकूर नेण्याचा मार्गही होता. मी ते वर्ष वाया घालवले. परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेश, पुन्हा परीक्षा, अशा रहाटगाडग्यात ‘दिवाळीच्या सुट्टीत बघू’ असे म्हणत राहिले. मूळ लेखात हे मी लिहिले नव्हते. लिहायला हवे होते.

तरीही माझे नुकसान नेमके कशाचे झाले, ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे नीट होणार नाही. तृतीय वर्ष भूगोलाच्या वर्गाने एका सत्रात ठाण्यातील मासुंदा, कचराळी आणि उपवन या तीन तलावांच्या काठांची पाहणी केली होती. सहा गट होते आणि प्रत्येक गटाचा एक बोर्ड होता. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पिवळ्या स्टिकी नोटवर, दुकानदाराने किंवा फिरायला आलेल्याने सांगितलेली गुलाबी नोटवर आणि स्वतःला पडलेला प्रश्न निळ्या नोटवर लिहायचा, असे ठरले होते. एका गुलाबी नोटवर चणेवाल्याचे म्हणणे होते : ‘लोक तलाव बघायला येत नाहीत, कट्ट्यावर बसायला येतात.’ ही नोट ‘पाणी’ या ढिगात ठेवायची की ‘माणसे’ या ढिगात, यावर त्या गटाची दहा मिनिटे जुंपली. नोट इकडून तिकडे गेली, परत आली, मधे थांबली, आणि शेवटी एका मुलीने ‘काठ’ असा तिसराच ढीग तयार करून ती त्यात नेऊन ठेवली. त्या गटाच्या अहवालाची मांडणी त्या एका हालचालीतून निघाली. तलावाचा अभ्यास म्हणजे पाण्याचा अभ्यास, हे गृहीतक त्यांनी स्वतःच मोडले होते.

आज माझ्याकडे त्या बोर्डाची पीडीएफ आहे. नोट ‘काठ’ या शब्दाखाली शांतपणे बसलेली दिसते, पण ती तिथवर कशी पोहोचली ते दिसत नाही, आणि पुढच्या तुकडीला ती उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. शिवाय अशा पीडीएफ चारच आहेत. उरलेले दोन बोर्ड जॅमबोर्ड बंद होण्याच्या आधीच गेले होते. ते गटप्रमुखांनी आपापल्या महाविद्यालयीन खात्यांवरून उघडले होते, आणि निकालानंतर त्या तुकडीची खाती नेहमीप्रमाणे बंद केली गेली. मालकाचे खाते गेले, त्याच्याबरोबर फाइलही गेली. यात गूगलचा काहीच दोष नाही. बोर्ड कोणाच्या नावावर उघडला आहे हे सहा महिन्यांत मी एकदाही पाहिले नव्हते. आपल्या पहिल्या आक्षेपाला याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

मात्र यातून आपण काढलेला निष्कर्ष, म्हणजे ‘एक गेले तर दुसरे घ्या’, मला पटत नाही. नवे साधन घेताना पहिल्यासारखे दिसणारे शोधायचे, ही आम्हा शिक्षकांची सहज प्रवृत्ती आहे. पण एकाच जॅमबोर्डवर माझ्या वर्गात निदान तीन वेगळी कामे होत होती. तलावांच्या बोर्डावर वर्गीकरण चालायचे. प्रथम वर्षाच्या तासाला ‘काय समजले नाही’ हे निनावी लिहिले जायचे. आणि काही गट तर त्यावर सरळ अहवालाचा कच्चा खर्डा लिहायचे, ज्यासाठी ते साधन मुळीच योग्य नव्हते. या तिन्हींना एकच पर्याय शोधत बसल्यामुळे माझे पहिले सत्र फुकट गेले.

निनावी लिहिण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण मूळ लेखात माझी चूक झाली ती तिथेच. जॅमबोर्डच्या नोटवर लिहिणाऱ्याचे नाव दिसत नसे. ही उणीव आहे असे मी मानत होते, कारण गटकार्याला गुण देताना कोणी किती काम केले ते कळायचे नाही. इथरपॅडमध्ये प्रत्येक लेखकाचा मजकूर वेगळ्या रंगात उमटतो आणि सरकपट्टी मागे नेली की मजकूर अक्षराअक्षराने कसा तयार झाला तेही पाहता येते. गुण देण्यासाठी हे उत्तमच. म्हणून मी तेच सगळीकडे लावले, आणि प्रथम वर्षाच्या वर्गात एकदम शुकशुकाट झाला. मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजी संज्ञांना बिचकणारी मुले ‘आयसोबार म्हणजे काय ते परत सांगा’ असे निनावी नोटवर बिनदिक्कत लिहीत होती; स्वतःच्या रंगात मात्र ती लिहीनात. एक मुलगा तासानंतर म्हणाला, “मॅडम, माझा हिरवा रंग आता सगळ्यांना पाठ झालाय.” त्यानंतर त्या तासापुरते लेखकांचे रंग पुसून टाकायचे आणि नावाची जागा कोरी ठेवायची, असे ठरवले. जी सोय अहवाल लिहिताना हवी असते, तीच शंका विचारताना आड येते, हे कुठल्याही तुलनात्मक तक्त्यात सापडत नाही.

आता सर्व्हर. इथे आपला अनुभव माझ्याहून मोठा आहे, आणि ‘तो सर्व्हर मे महिन्यात कोण सांभाळणार?’ हा आपला प्रश्न अचूक आहे. आमच्याकडे प्रयोगशाळेतील सहायकाची नेमणूक सत्रापुरती असते. पासवर्ड लिहिलेली वही त्याच्याबरोबर जाते की कपाटात राहते, हे त्या त्या माणसावर अवलंबून. कोड खुला आहे, म्हणजे कोणीही तो घेऊन चालवू शकतो, म्हणून साधन टिकते, असे मी लेखात सुचवले होते. ते अर्धेच खरे आहे. २००९ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या गूगल वेव्ह या एकत्र लिहिण्या-बोलण्याच्या साधनाचा गाजावाजा आपल्याला आठवत असेल. ऑगस्ट २०१० मध्ये त्याचा पुढील विकास थांबवला गेला आणि ३० एप्रिल २०१२ रोजी ते पूर्ण बंद झाले. त्याचाही कोड नंतर खुल्या कोडचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनकडे गेला होता, पण तिथेही तो प्रकल्प तग धरू शकला नाही आणि २०१८ मध्ये निवृत्त झाला. उलट इथरपॅड गूगलने डिसेंबर २००९ मध्ये विकत घेतले, त्याच्या मंडळींना वेव्हच्या कामाला लावले, वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात कोड खुला केला, आणि आज ज्याच्यासाठी घेतले ते वेव्ह नाही, पण इथरपॅड आहे. विकिपीडियामागची विकिमीडियासारखी संस्था ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवते. फरक इतकाच की एकाला सांभाळणारी माणसे मिळाली, दुसऱ्याला नाही.

म्हणून माझे सुधारलेले मत असे : केवळ या एका कामासाठी महाविद्यालयाने नवा सर्व्हर उभा करू नये. जिथे मूडल, म्हणजे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची प्रणाली, आधीच चालू आहे आणि त्याचा सांभाळ कोणाच्या तरी कामात लेखी धरलेला आहे, तिथे अहवालाच्या खर्ड्यासाठी त्यातील विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता-बदलता येणारी पाने, पुरेशी आहे; दिसायला ती रुक्ष आहे, पण कोणी, कधी, काय बदलले याची नोंद तीत राहते. वर्गीकरणाच्या कामासाठी मी सध्या एक्सकॅलिड्रॉ हा ऑनलाइन फळा वापरते. लिंक उघडली की झाले, लॉगिन लागत नाही, आणि बोर्ड फाइल म्हणून उतरवून घेतला की पुढच्या वर्षी तो पुन्हा उघडून त्यातली प्रत्येक चौकट हलवता येते. पीडीएफमध्ये जे मेले ते इथे जिवंत राहते. लॉगिन नसणे मला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुले असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत ती बालकच आहेत. पाच कंपन्यांकडे त्यांची पाच खाती शिक्षकाच्या सांगण्यावरून उघडावीत, हे मला प्रशस्त वाटत नाही.

एक्सकॅलिड्रॉचा दोष आपण नोंदवला आहे तो खराच : मोबाइलच्या पडद्यावर ते वापरणे जिकिरीचे होते. आमच्याकडची निम्मी मुले दिवा, डोंबिवली, बदलापूरहून येतात आणि गटाचे काम लोकलमध्येच उरकतात. वाटेत नेटवर्क गेले की त्यांचा बोर्ड गोठतो. म्हणून वर्गीकरण आता वर्गातच होते, एका गटाला एक लॅपटॉप, आणि लॅपटॉप कमी पडले तर रंगीत चिठ्ठ्या आणि कार्डशीट. त्याचा फोटो जर्नलला चिकटवायचा. आपण याला हसाल, पण बाह्य परीक्षकांना जर्नल उलटताना लॉगिन मागावे लागत नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच क्षेत्रातले आहे. २०२१ मध्ये प्रथम वर्षाला आलेल्या तुकडीने ऑनलाइन तासांपासून जॅमबोर्ड गिरवला, तो त्यांच्या हातात पक्का बसला, २०२४ च्या उन्हाळ्यात ती मुले पदवी घेऊन बाहेर पडली आणि त्याच डिसेंबरात जॅमबोर्ड संपला. मिरोची बटणे शिकायला त्यांना एक दुपार पुरते, हे आपण नव्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पाहिले असेलच. चणेवाल्याची नोट कुठल्याच ढिगात बसत नाही हे ओळखून तिसरा ढीग करायला मात्र सत्र लागते, आणि माझ्या वर्गातील वेळ मी त्यासाठी राखून ठेवते. त्यात मिरोच्या विनाशुल्क खात्यात एका वेळी तीनच बोर्ड संपादित करता येतात. सहा गटांचे काय करायचे, हा प्रश्न नोकरीत कंपनी पैसे भरून सोडवते, आम्ही कोणाच्या खिशातून सोडवायचा? तरीही एखाद्या गटाला हौस म्हणून ते वापरायचे असेल तर माझी ना नाही. अट एकच : पहिल्या आठवड्यात एक खोटा बोर्ड तयार करून, तो बाहेर काढून, दुसऱ्या ठिकाणी उघडून दाखवायचा. उघडला आणि नोट हलली, तर पुढे जा.

आपल्या प्रतिक्रियेनंतर मूळ लेखात मी दोन बदल केले आहेत. सर्व्हरविषयीचा परिच्छेद काढून त्या जागी वरील मजकूर घातला आहे, आणि बोर्ड नेहमी विभागाच्या सामाईक खात्यावरून उघडावा, विद्यार्थ्याच्या नव्हे, अशी सूचना सुरुवातीलाच दिली आहे. त्या चार पीडीएफमधील नोटा आमच्या दोन विद्यार्थिनी सध्या हाताने नव्या बोर्डावर उतरवून घेत आहेत. कचराळीचा बोर्ड पूर्ण झाला आहे. मासुंद्याच्या बोर्डावर अजून पुष्कळ गुलाबी नोटा बाकी आहेत.