पन्नाशीपुढच्या विधवेची नोंद कुठे होते?

आमच्या परळच्या चाळीत शेजारच्या काकूंकडे एक शिलाई मशीन आहे. परदेशी निधीवर चाललेल्या एका प्रकल्पातून ते त्यांना स्वयंरोजगारासाठी मिळाले, तेव्हा त्यांचे वय ६६ होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुईत दोरा ओवून देण्यासाठी त्या माझ्या मुलीला हाक मारत असत. आता त्या मशीनवर चादर असते आणि चादरीवर औषधांचा डबा.

देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या हिशेबात म्हातारी बाई नाही, हे मला खुपते. अमेरिकेच्या मदतीने १९८४ पासून कित्येक देशांत झालेली आरोग्य सर्वेक्षणे काय किंवा आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काय, स्त्रियांची सविस्तर मुलाखत घेतली जाते ती साधारणपणे १५ ते ४९ या वयातच, कारण बाळंतपण हा त्या मोजणीचा गाभा आहे. याच आकड्यांवरून निधीच्या योजना आखल्या जात असतील, तर बहुतेक जणींना वैधव्य येते ते वयच त्यांतून निसटते.

मुंबईला विधवांसाठीची परदेशी मदत नवी नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी येथे शारदा सदन उघडले, ते बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर, आणि त्या मंडळींनी दहा वर्षे खर्च उचलण्याचे वचन दिले होते. पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. तेव्हा समोर बालविधवा होती, तिच्यापुढे सारे आयुष्य पडले होते, म्हणून तिला शिकवून पायावर उभे करणे हेच योग्य होते. पण सत्तरीच्या बाईलाही आपण आज तेच सांगतो आहोत, आणि दहा वर्षांच्या वचनाऐवजी तिच्या वाट्याला दोन-तीन वर्षांचा प्रकल्प येतो, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

तिला हवी आहे दरमहा, तिच्या स्वतःच्या खात्यावर, न चुकता येणारी रक्कम. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनात ४० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. राज्य त्यात भर घालते, तरीही मुंबईत औषधे आणि घरभाडे त्यात भागत नाही. परदेशी संस्थांनी सरकारची जागा घ्यावी असे मी म्हणत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि खोलीवर वारस म्हणून नाव लावून घेणे, कचेरीत सोबत येणारे माणूस, एवढ्यासाठी निधी दिला तरी हक्काचा पैसा हातात पडेल.

काकूंनी चाळीस वर्षे खानावळीच्या पोळ्या लाटल्या आणि भाजल्या. हयातीच्या दाखल्यासाठी त्या यंत्रावर अंगठा ठेवतात, तेव्हा तो उमटत नाही, कारण बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. गेल्या महिन्यात दोनदा परत पाठवल्यावर त्यांनी मला विचारले, "मी जिवंत आहे हे आणखी कसं दाखवू गं?" सोमवारी मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर जाणार आहे.