'रिकामटेकड्या बाया' म्हणणाऱ्या वाचकाला

गेल्या आठवड्यात मी इथं लिहिलं होतं की आपल्या चर्चमध्ये गुरुवारी संध्याकाळी तासभर आराधना (मिस्सा ह्या मुख्य उपासनेत पवित्र केलेली भाकर, म्हणजे ख्रिस्तशरीर, समोर ठेवून शांत बसणं) असते तशी आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ठेवायची आहे, अर्ध्या अर्ध्या तासाला दोघं लागतात, नावं द्या. त्याच्याखाली रविवारी रात्री एक निनावी कमेंट आली. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं, बायकोही म्हणाली सोडून द्या, पण दोन दिवस ते एक वाक्य डोक्यातून जाईना. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी जसंच्या तसं देतो: "येशूने घ्या आणि खा म्हटलं, दहा रिकामटेकड्या बायांनी तासभर बघत बसा असं नाही म्हटलं." पुढे आणखी बरंच आहे, की तेवढ्या वेळात आजाऱ्यांना भेटा, तरुण कुठे आहेत ते बघा, एसी आणि लाईटचं बिल कोण भरतं, आणि आराधनेचे फोटो ग्रुपवर टाकणं हा दिखावा आहे.

फोटोचं आधी संपवतो कारण ते तुमचं बरोबर आहे. मी मागच्या बाकावरून एक फोटो काढला होता, पुढे गुडघ्यावर बसलेल्या लोकांच्या पाठी दिसत होत्या आणि मी तो ग्रुपवर टाकला. लोकांना यावंसं वाटेल म्हणून टाकला, पण प्रार्थनेला बसलेल्या माणसाला न विचारता त्याचा फोटो काढायचा नसतो. काढून टाकलाय, पुन्हा होणार नाही. एवढं मान्य.

आता ते वाक्य. तुम्हाला आराधना पटत नसेल तर नसू दे, अशी कितीतरी माणसं आहेत, माझा सख्खा भाऊ त्यातला एक आहे, आमचं त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडण होतं आणि मग आम्ही जेवतो. मला लागलं ते 'रिकामटेकड्या' हे. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही वसईचेच दिसता, म्हणजे तुम्हाला ह्या बाया माहीत आहेत, किंवा माहीत असायला पाहिजेत. तिसऱ्या बाकावर उजव्या टोकाला जी बसते ती पहाटे तीनला उठते, फुलांची पाटी घेऊन पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून दादरला जाते, अकरा-साडेअकराला परत, मग वाडीत पाणी, मग घर. साडेसहाला ती चपला दाराबाहेर काढून आत येते तेव्हा तिची बोटं काळी असतात, केळीचा चीक लागला की तो साबणाने जात नाही आणि कपड्यावर पडला तर कपडा गेलाच समजायचा, म्हणून ती हात पदराला लागणार नाहीत असे मांडीवर उलटे ठेवून बसते. लाल लुगडं, त्यावर पालथी ठेवलेली बोटं, आणि नजर वेदीवर. तासभर ती तशी बसते. तिला वाचता येत नाही, पुस्तकातली प्रार्थना तिच्या कामाची नाही. ही रिकामटेकडी?

तिच्या मागे बसतात त्या बाईंचा नवरा सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहे. गुरुवारी तेवढा एक तास सून त्याच्याजवळ थांबते. आठवड्यात १६८ तास असतात, त्यातला हा एक त्या घराबाहेर स्वतःसाठी काढतात आणि तो इथं येऊन बसतात. आजाऱ्यांना भेटा म्हणून तुम्ही कुणाला सांगताय? आणि आकडाही चुकलाय तुमचा. गेल्या गुरुवारी आम्ही चौदाजण होतो, मी धरून तीन पुरुष. तुम्हाला दहा बाया दिसल्या कारण तुम्हाला बायाच मोजायच्या होत्या. खरं सांगायचं तर तुम्ही आत आला होतात की रस्त्यावरून जाताना दारातून डोकावलात हाही मला प्रश्न आहे, पण ते जाऊ दे.

माझी आई ह्याच बायांमधली होती म्हणून मला जास्त लागलं असेल, नाही म्हणत नाही. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस (ख्रिस्तशरीराच्या भक्तीसाठी जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा) भरली, पोप सहावे पॉल स्वतः आले होते, तेव्हा ती आमच्या आळीतल्या बायांबरोबर ओव्हल मैदानावर गेली होती. मी अडीच वर्षांचा, मला आजीकडे ठेवलेलं. पोप तिला अंगठ्याएवढे दिसले, ते सुद्धा कुणाच्या तरी खांद्यावरून, पण एवढी माणसं एकाच वेळी गुडघ्यावर गेली तेव्हा जो आवाज झाला तो ती मरेपर्यंत सांगायची. पुढे पन्नास वर्षं ती दर गुरुवारी चर्चमध्ये गेली. त्यातली निदान तीस वर्षं तिच्या डोक्यावर कर्ज होतं आणि घरात सात तोंडं. तिला कुणी रिकामटेकडी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही, नाव लपवून म्हटलेलं तर मुळीच नाही.

आता 'घ्या आणि खा', येशू शेवटच्या भोजनात भाकर देताना म्हणाला ते. हा शोध तुमचा नाही, उगाच आम्हाला काहीतरी नवीन सांगतोय असं वाटून घेऊ नका. मी ज्यांचं नाव आत्ता घेतलं त्याच पोपनी मुंबईहून गेल्यावर नऊ महिन्यांनी, ३ सप्टेंबर १९६५ ला, 'मिस्तेरियुम फिदेई' नावाचं परिपत्रक काढलं, त्यात मिस्सा संपल्यावरही ख्रिस्तशरीराची आराधना का करायची हे स्पष्ट मांडलंय. तरी रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या काळात हा आक्षेप फिरतच राहिला, की ही भाकर खायला दिलीय, बघायला नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली 'साक्रामेंतुम कारितातिस' ह्या दस्तऐवजात हाच आक्षेप जवळजवळ तुमच्याच शब्दांत घेतला आणि म्हटलं की ही फारकतच खोटी आहे. त्यांनी त्यात आधार घेतला संत ऑगस्टीनचा, म्हणजे पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेल्या माणसाचा. ऑगस्टीन म्हणतो, आधी आराधना केल्याशिवाय कुणी ते शरीर खात नाही, आणि आराधना केली नाही तर आपलं चुकेल. खाणं आणि बघणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून आपसात लढवायला त्याला सुचलंसुद्धा नाही, ते आपल्याला सुचलं.

आणि घरी काय होतं ते बघा ना. मुलगा वर्षाने आखातातून आला, आईने ताट वाढलं, तो जेवतोय आणि ती समोर बसून बघतेय. तिला कुणी म्हणतं का, जेवण खायला असतं, बघायला नाही, उठ आता? तो जेवून उठला तरी ती बसलेली असते. मला ह्यापलीकडे आराधना समजावता येत नाही. फ्रान्समधल्या आर्स गावच्या एका शेतकऱ्याला त्यांच्या फादरांनी, संत जॉन व्हियानी यांनी, विचारलं होतं की तू इथं तासन्‌तास काय करतोस, तर तो म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे बघतो. हे धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात घातलेलं वाक्य आहे. तुमच्या भाषेत तोही रिकामटेकडाच झाला.

एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर तुम्हीच पुढच्या कमेंटमध्ये काढाल. पहिल्या शतकांमध्ये आजच्यासारखा मॉन्स्ट्रन्स (ख्रिस्तशरीर सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं पात्र) वेदीवर ठेवून आराधना करत नव्हते. ख्रिस्तशरीर मिस्सानंतर राखून ठेवायचे ते मुख्यतः आजारी आणि मरणाला टेकलेल्या माणसांसाठी. साधारण १५० सालच्या सुमाराला जस्टिन मार्टिर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (चर्चचे सेवक) ते घेऊन जात. १९७३ च्या रोमच्या नियमांतही राखून ठेवण्याचं पहिलं कारण मरणाऱ्याला देणं हेच सांगितलंय, आराधना त्याच्यानंतर. पण मग हे बघा ना, तुम्ही आजारी माणूस एका बाजूला आणि आराधना दुसऱ्या बाजूला ठेवलीत, आणि इथं तर ती आजाऱ्याच्याच वाट्याच्या भाकरीसमोर होते. ज्या टॅबरनॅकलसमोर (ख्रिस्तशरीर राखून ठेवायच्या पेटीसमोर) आम्ही बसतो त्याच्यातूनच रविवारी आमच्या आळीतल्या अंथरुणावरच्या माणसांना ख्रिस्तशरीर जातं.

आता माझं स्वतःचं. हे मी आजवर इथं लिहिलेलं नाही. २००३ साली मी काम करत होतो ती कंपनी बंद पडली. घरी सांगायची हिंमत झाली नाही. मोठी मुलगी दहावीला, घराच्या स्लॅबचं कर्ज. मी रोज सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन निघायचो, विरार लोकलमध्ये उभा राहायचो आणि अंधेरीला उतरायचो कारण पास तिथपर्यंतचा होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत नुसता चालत राहिलो. दुसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून एका चर्चमध्ये शिरलो, बाजूच्या छोट्या खोलीत साक्रामेंत (तेच ख्रिस्तशरीर) मांडलेला होता, सहा मेणबत्त्या, दोन माणसं. बसलो. मला एक शब्द प्रार्थना सुचली नाही, हे मुद्दाम सांगतो कारण लोकांना वाटतं आराधना म्हणजे काहीतरी गोड वाटणं. काही वाटलं नाही. मी नुसता त्या पांढऱ्या गोलाकडे बघत होतो आणि गुडघ्यावर डबा होता, त्याचं झाकण नीट लागलेलं नव्हतं म्हणून भाजीचा वास येत होता आणि मला लाज वाटत होती. अकरा दिवस मी तिथं गेलो. सकाळी दहा ते चार. रोज एक म्हातारी बाई असायची, ओळख नाही, नाव नाही, एका शब्दाने कधी विचारलं नाही की बाबा तू कामाच्या वेळी इथं कसा. सातव्या की आठव्या दिवशी उठून जाताना तिने स्वतःची जपमाळ माझ्या डब्यावर ठेवली आणि गेली. बाराव्या दिवशी मी स्टेशनवर न जाता ओट्यावर बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही, म्हणाली, मला डब्यावरून कळलं होतं, तू चार दिवस भाजी तशीच परत आणत होतास.

त्या अकरा दिवसांत मला नोकरी मिळाली नाही, ती पाच महिन्यांनी मिळाली आणि पगार निम्मा. पण विरार लोकलच्या दारात उभा असताना पहिल्या दिवशी माझ्या मनात काय येत होतं ते मला माहीत आहे, आणि ते दार मी का सोडलं तेही माहीत आहे. ती बाई तुमच्या हिशोबाने तिथं काहीच करत नव्हती. मेणबत्तीसमोर बसली होती. तिने उठून समाजकार्याला जायला हवं होतं काय? मग त्या खोलीचं दार बंद असतं आणि मी पावसात पुढे गेलो असतो. नियमच तसा आहे, साक्रामेंत मांडलेला असताना समोर माणूस नसेल असं क्षणभरही चालत नाही, रोमने २००४ साली हे पुन्हा लिहून बजावलंय. म्हणजे कुणीतरी बसतं म्हणून दार उघडं राहतं. माझी पहिल्या शुक्रवारची नावं लिहायची वही ह्याच्यासाठी आहे, त्यात अठरा रकाने आहेत आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन ते तीनचे दोन रकाने आधी कुणी भरले माहितीये? त्याच बायांनी.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही, त्यात लिहिण्यासारखं नाही. आजाऱ्यांना भेटा म्हणता, मदर तेरेसांच्या सिस्टर्स १९७३ पासून रोज एक तास आराधनेला बसतात आणि मग रस्त्यावर जातात, त्यांना जाऊन सांगा वेळ फुकट घालवू नका. लाईटचं बिल काढलंत ते वाचून वाईट वाटलं, त्या खोलीत एसी नाही, दोन पंखे आहेत, त्यातला एक आवाज करतो म्हणून आम्ही बंद ठेवतो. तरुणांचं म्हणाल तर गेल्या वर्षी, २०२५ च्या ७ सप्टेंबरला, ज्याला संत जाहीर केलं तो कार्लो अकुतिस पंधराव्या वर्षी वारला, कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा होता आणि ह्याच साक्रामेंताचं त्याला वेड होतं, आमच्याकडेही अकरावीतली दोन मुलं आता यायला लागलीयेत, ती क्लासवरून थेट येतात म्हणून उशिरा येतात. त्यांना कुणी टोमणा मारला नाही तर टिकतील.

भाषा माझी इथं थोडी तिखट झालीय, मान्य, पण सुरुवात मी केलेली नाही. पुढच्या पहिल्या शुक्रवारच्या वहीत दुपारी साडेतीन ते चार हा रकाना अजून एका माणसाने अर्धा भरलेला आहे, दुसरा माणूस हवाय. तुम्ही येणार असाल तर मला फोन करायची गरज नाही, नावही सांगू नका, त्या वेळेला येऊन बसा, मी फुली मारून ठेवतो. इथं मात्र पुढची कमेंट स्वतःच्या नावाने केलीत तरच उत्तर देईन.